उलटतपासणीवाले भाटवे

कुणीही काहीही सांगितलं तरी ते ज्याला आयुष्यात एकदाही खरं वाटलं नाही, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि नेमका तोच आमच्या ताईला नवरा म्हणून मिळाला. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला भाटवा म्हणतात. पुढे ते आमदार झाले, मंत्री झाले, तेव्हा एवढ्या मोठ्या माणसाला एकेरीत धरायला जीभ रेटेना म्हणून आम्ही 'भाटवे' म्हणू लागलो. तेही त्यांच्या माघारी. समोर भाऊजी. मुळात ते अमरावतीच्या कोर्टातले वकील, आणि त्यांचं नाव होतं ते उलटतपासणीसाठी. बाकीचे वकील कायद्याची जाड पुस्तकं घेऊन यायचे, भाटवे पानाचा डबा घेऊन यायचे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की ते सावकाश उठत, काळा कोट जरा मागे सारत, चष्मा काढत आणि इतक्या मऊ आवाजात "पाणी घेता का?" असं विचारत की साक्षीदाराला वाटावं, चला, या परक्या ठिकाणी आपला मावसभाऊ भेटला. त्यानंतरच्या अर्ध्या तासात त्या साक्षीदाराचं स्वतःच्या डोळ्यांशी, कानांशी आणि कधीकधी बायकोशीही असलेलं नातं कायमचं बिघडून जाई.

त्यांची बैलाची केस तर अजूनही बार रूममध्ये सांगतात. एका शेतकऱ्याचा बैल चोरीला गेला होता आणि भाटवे चोराचे वकील होते. बैल गोठ्यात बांधला होता, असं शेतकरी म्हणाला. गाठ कुणी मारली, असं यांनी विचारलं. "पोरानं." म्हणजे गाठ मारलेली तुम्ही स्वतः पाहिली नाही. नाही. बैलाला पाय किती होते? चार. चारही चालू स्थितीत होते? होते. गोठ्याला दार होतं? दाराची फळी मोडली होती. "मग मला एवढंच सांगा," भाटवे अगदी काकुळतीला येऊन म्हणाले, "तो बैल नेला, की गेला?" शेतकऱ्यानं बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "आता तुमी म्हन्ता तं गेला बी असन जी." चोर सुटला. त्याहून वाईट म्हणजे तो शेतकरी बाहेर आल्यावर चोराला म्हणाला, की भाऊ, उगाच तुह्यावर आळ घेतला, मनात ठेवू नको.

मी या माणसाच्या तावडीत पहिल्यांदा सापडलो तो ताईला पाहायला ते बाळापूरला आमच्या घरी आले तेव्हा. आमचा मळा गावाला लागून, भाजीपाला आणि फुलं हा घरचा धंदा. वडील त्या दिवशी टोपी धुऊन, इस्त्री करून बसले होते. पोहे झाले, चहा झाला, ताई येऊन बसली आणि उठून गेली. तिला यांनी एक अक्षर विचारलं नाही. मग सहज म्हणून माझ्याकडे वळले. "भाऊ काय करते?" वडील घाईघाईनं म्हणाले, "शिकून राह्यला." "कितवीत?" "बारावीत." वडिलांनी सुटकेचा श्वास सोडला, कारण ते खोटं नव्हतं. भाटव्यांनी चष्मा काढला. "अन मागच्या वर्षी कितवीत होता?" घरात अशी काही सामसूम झाली की मागच्या अंगणात मोटर चालू होती तीही बंद पडल्यासारखी वाटली. मी इंग्रजीत नापास झालो होतो हे गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. ते त्या दिवशी पाहुण्यांना, पाहुण्यांच्या ड्रायव्हरला आणि पोहे वाढणाऱ्या काकूला एकाच वेळी कळलं. वडिलांचं म्हणणं होतं, असा माणूस घरात नको. पण आईनं दाराआडूनच निकाल देऊन टाकला. "मानूस हुशार हाय. पोरगी देऊन टाका."

दाराआडून हा शब्द मी उगाच वापरला नाही. आमच्या जुन्या बायकांमध्ये सासू जावयाशी समोरासमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, मध्ये पडदा नाहीतर दाराची चौकट, आणि जे काही सांगायचं ते तिसऱ्या माणसाला. जावई दोन हातांच्या अंतरावर जेवत असला तरी आई मला म्हणायची, "त्याईले विचार, भाजी वाढू का." मी विचारायचो. भाटवे मला सांगायचे, "नको म्हना." मी आईला सांगायचो. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू जात असे, मी मधल्यामध्ये पोस्टमनगिरी करायचो. त्यामुळे जगातल्या प्रत्येक माणसाची उलटतपासणी घेतलेल्या भाटव्यांना आमच्या आईची मात्र कधी घेता आली नाही. पिंजऱ्यातच न येणाऱ्या साक्षीदाराला विचारणार काय?

राजकारणात ते कसे आले याबद्दल घरात दोन मतं आहेत. ताईचं मत असं, की घरात प्रश्न विचारायला कुणी उरलं नाही म्हणून आले. दुसरं मत त्यांचं स्वतःचं, आणि ते आजवर कळलेलं नाही, कारण विचारलं की ते म्हणत, "मी राजकारणात आलो, असं तुमचं म्हणणं आहे?" पहिल्या पक्षात तिकीट मिळालं नाही म्हणून ते दुसऱ्यात गेले. दुसऱ्यात तिकीट मिळालं पण सरकार मिळालं नाही म्हणून तिसऱ्यात गेले. तिसरा पक्ष पुढे पहिल्यातच विलीन झाला, तेव्हा त्यांनी पेपरवाल्यांना सांगितलं की बऱ्याच दिवसांनी घरी आल्यासारखं वाटतं. मी एकदा जेवताना जरा चाचरत हा विषय काढला. आपली तेवढीच हिंमत, तीही तोंडात घास असताना.

"साळेबुवा," ते म्हणाले, "वकिलानं काल घरमालकाची केस लढली अन आज भाडेकरूची लढली, तं तुमी त्याले गद्दार म्हनता का?"

"नाई."

"काय म्हनता?"

"वकील."

"मंग," असं म्हणून त्यांनी ताक मागितलं.

त्यांची भाषणंही प्रश्नांचीच असायची. पहिल्या निवडणुकीत ते मंचावर उभे राहून विचारायचे, "सांगा राजेहो, नळाले पानी येते का?" नाई, असं हजार माणूस ओरडायचं. "रस्ता हाय का?" नाई. "दवाखान्यात डॉक्टर सापडते का?" नाई. लोकांना हे फार आवडलं. येत असलेलीच उत्तरं द्यायला मिळणं ही चैन शाळा सुटल्यानंतर माणसाला कुठे मिळते? निवडून आले. पंचाईत पुढच्या निवडणुकीत होती, कारण पाणी अजून यायचं होतं आणि मधली पाच वर्षं आमदार ते स्वतः होते. पण वकील तो वकील. त्या खेपेला ते मंचावरून विचारू लागले, "सांगा राजेहो, नळ हाय का?" हाय. "दिसते का?" दिसते. "पयले होता का?" नोयता. "मंग?" पुन्हा निवडून आले.

आमदारकीत दर आठवड्याला बंगल्याच्या ओसरीत त्यांचा दरबार भरे. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा, दाराशी चपलांचा ढीग, आत भाटवे आणि त्यांचा चष्मा. मी तोवर रडतखडत डी.एड. होऊन धारणीच्या पलीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेचा मास्तर झालो होतो. एकदा त्या बाजूची माणसं रस्त्याची तक्रार घेऊन अमरावतीला निघाली, तर त्यांच्या जीपमध्ये मीही बसून आलो. म्हातारे सरपंच पुढे झाले. रस्त्यात मोठा खड्डा पडला आहे, जीप उलटता उलटता वाचली, असं त्यांनी सांगितलं.

"खड्डा पडला," भाटवे म्हणाले. "पडताना तुम्ही पाहिला?"

"पडताना कसा पाह्यन साहेब?"

"कुणी पाहिला?"

"कोनी नाई."

"रस्ता नवीन झाला तेव्हा त्या जागेवर तुम्ही उभे होता?"

"नोयतो."

"म्हणजे खड्डा आधी होता आणि रस्ता त्याच्याभोवती झाला, असंही असू शकतं?"

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शिष्टमंडळाला चहा मिळाला, भाटव्यांसोबत फोटो मिळाला, आणि सगळे समाधानानं परत निघाले. परतताना त्याच खड्ड्यात जीप आपटली, सगळ्यांची डोकी टपाला लागली. सरपंचांनी दांडी घट्ट धरली. मग मला म्हणाले, "मास्तर, हा पयलेपासूनच होता का हो?"

असा गुणी माणूस मंत्री न होता तरच नवल. झाले. पण खातं मिळालं ते समुद्रकिनाऱ्याकडचं कसलंसं. वऱ्हाडात पाणी म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे टँकर येतो. समुद्र ही आम्हाला भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगाची जागा म्हणून माहीत. आईला मी खातं समजावून सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याईले म्हन, त्यातलं थोडकसं मळ्याले सोडता येते का पाहा." खारट असतं म्हटल्यावर तिचा त्या खात्यातला रस संपला. भाटव्यांचा रस मात्र वाढला. त्या दिवाळीला त्यांनीच मोठ्या कौतुकानं आम्हाला सांगितलं, की किनाऱ्यावरच्या एका गावची माणसं आली होती. साहेब, समुद्र दरवर्षी पुढे येतोय, घरं जातील, म्हणत होती. "मी इचारलं, पुढं येते तं मांगं जाते का नाई? म्हने जातो. दिवसातून कितीदा? म्हने दोनदा. मी म्हनलं, आलेला परत जाते, तेही दिवसातून दोनदा, मंग तुमची तक्रार येन्याची हाय की जान्याची?" आम्ही सगळे हसलो. ती माणसं पुढ्यातला चहा तसाच टाकून उठून गेली, हे त्यांनी सांगितलं नाही. ते ताईनं नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. ती त्या दिवशी मुंबईच्या बंगल्यावर होती, आणि ते कप तिनंच परत आत नेले होते.

या सगळ्यात माझं एक काम होतं. वडील गेल्यापासून आई बाळापुरात एकटी होती. मळा सोडायला ती तयार नव्हती. ताईकडे राहायला जा म्हटलं, की जावयाच्या घरी राहू का, असं विचारून माझंच तोंड बंद करायची. तिच्या डोळ्यांना कमी दिसू लागलं होतं आणि तरी पहाटे फुलं तोडायला स्वतः जायची. मी आणि बायको धारणीच्या पलीकडे. तीन गाड्या बदलून बाळापूर गाठायचं, पावसाळ्यात त्यातली एक न येणार हे धरूनच चालायचं. मला जिल्हा बदलून बाळापूर तालुक्यात बदली हवी होती, एवढंच. भाटवा मंत्री असलेल्या मास्तराला बदली मिळायला किती वेळ लागतो, असा हिशेब सगळं शिक्षकविश्व करत होतं. दोन सहकाऱ्यांनी तर मला निरोपाचा नारळही देऊन टाकला होता.

पहिल्यांदा गेलो तो दरबारातच. साळा असलो तरी रांग मोडायची नाही, अशी माझी तत्त्वनिष्ठा. खरं सांगायचं तर पुढे घुसायची हिंमत नव्हती. माझी पाळी आली.

"धारणीकडची हवा कशी असते?" भाटवे म्हणाले.

"चांगली."

"चिखलदऱ्याले लोक पैसे देऊन हवा खाले जातात का नाई?"

"जातात."

"तुमाले तीच हवा फुकट, वरतून पगार. अन मे महिन्यात बाळापूर कसं असते?"

"भट्टी असते, भाऊजी."

"म्हंजे सरकारनं तुमाले हवेतून काहाडून भट्टीत टाकावं, असा तुमचा अर्ज हाय."

मागच्या खुर्च्यांवरची माणसं हसली. मीही हसलो, हे जास्त वाईट. एसटी परतवाड्याच्या पुढे गेल्यावर, घाट लागल्यावर माझ्या लक्षात आलं की सगळ्या बोलण्यात आईचं नाव मी घेतलंच नाही. त्यांनी घेऊ दिलं नाही, असं बायकोला सांगितलं. तिनं "असं तुमचं म्हणणं आहे?" एवढंच विचारलं.

दुसऱ्यांदा गेलो ते घरी, आणि तयारीनं गेलो. आई मळ्यात घसरून पडली होती. मोडलं काही नव्हतं, पण बराच वेळ तिथेच बसून होती, हे शेजाऱ्यांकडून कळलं होतं. मी बसल्याबसल्या सांगून टाकलं, की आई मळ्यात पडली.

"कोनी सांगतलं?"

"शेजाऱ्यायनं."

"अन उठवलं कोनं?"

"कोनं नाई. तिचीच ती उठली."

"म्हंजे पडते, अन उठते बी," भाटवे म्हणाले.

आतून ताटलीवर वाटी आपटल्याचा आवाज आला. "ते माही माय हाय," ताई दारात येऊन म्हणाली. "समुद्र नोहे."

भाटव्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकली. प्रश्न संपले की ते घड्याळ पाहत, आणि ते घड्याळ पाहत आहेत हे भिंतीपलीकडून ओळखणारा एक स्वीय सहायक सरकारनं त्यांना दिला होता. तो लगेच आत येऊन म्हणाला, "साहेब, कार्यक्रमाले उशीर होऊन राहिला." गाडी निघून गेली. माझ्या कामाला ते नाही कधीच म्हणाले नाहीत. हो म्हणायची सवय त्यांना नव्हती, आणि नाही म्हटलं तर ते आपलं विधान झालं असतं.

त्यांचा खरा वकील मात्र बाळापुरात बसला होता. गल्लीतल्या बायका आईला टोमणे मारायच्या, "काहो मावशी, जावई मंत्री अन पोरगा जंगलात?" आई शेवंती निवडता निवडता शांतपणे म्हणायची, "एवढ्या मोठ्या मानसानं घरच्याचं काम आधी केलं तं लोक नावं नाई ठेवनार का? म्हून माह्या पोराचं मांगं ठेवलं त्याईनं. करतीन." अमरावतीच्या अख्ख्या कोर्टाला असा बचाव सुचला नसता. दरवर्षी बदल्यांचे दिवस आले की ती फोनवर विचारायची, आणि दरवर्षी मी काही सांगायच्या आत स्वतःच म्हणायची, "कामात असतीन. करतीन."

मग एक दिवस मंत्रिमंडळात बदल झाला आणि नव्या यादीत भाटव्यांचं नाव नव्हतं. का नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या प्रश्नाला समोरून उत्तर आलं नाही. पाठोपाठ निवडणूक आली आणि तीही गेली. या वेळी मंचावरून त्यांनी "नळ हाय का?" विचारलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "हाय ना भाऊ, आता त्याले गंज बी चढला." आधी वकीलसाहेब, मग भाऊ, मग साहेब, असे जे ते जिने चढत गेले होते, ते लोकांनी त्यांना उलट्या क्रमानं उतरायला लावले. ओसरीतल्या खुर्च्या मंडपवाला घेऊन गेला. स्वीय सहायक नव्या साहेबांच्या घड्याळाकडे गेला. एकदा ते कोट चढवून कोर्टात जाऊन आले. नवी वकील पोरं आदरानं उभी राहिली, बसायला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि केस कुणीच दिली नाही. मग दारावर येणारी भाजीवाली तेवढी उरली. भेंडी आज सकाळची आहे हे तुम्ही कशावरून म्हणता, असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "घेनं असन तं घ्या भाऊ, नाई तं मले पुढं जाऊ द्या." एवढ्या थोडक्यात त्यांना कुणी हरवल्याचं माझ्या माहितीत नाही.

दरम्यान आमच्या बदल्या कम्प्युटरवर होऊ लागल्या होत्या. कम्प्युटर कुणाचा भाटवा नसतो, हे त्याचं मोठं सुख. मी माहिती भरली आणि विसरून गेलो, आणि एका दुपारी शाळेत खिचडी वाटताना मोबाईलवर आलं, की तुमची बदली बाळापूर तालुक्यात झाली आहे. आईला कळवायच्या आधी मी अमरावतीची गाडी पकडली. कशाला, ते सांगतो. पाहा भाऊजी, झालं, आणि तुमच्यावाचून झालं, हे वाक्य मला त्यांच्या तोंडावर म्हणायचं होतं. सेमाडोहपासून परतवाड्यापर्यंत मी ते मनातल्या मनात घोकत होतो. मध्ये थोडं वाढवलंही. परतवाड्यानंतर त्यात शेवटी एक टोमणा जोडला आणि त्यावर मी स्वतःच खूश झालो.

भाटवे ओसरीत एकटे बसले होते. फाटक वाजलं तसे ते इतक्या लगबगीनं सावरून बसले, कोपऱ्यातली खुर्ची स्वतः ओढून पुढे केली, की मला दारातच अवघडल्यासारखं झालं. "बसा, साळेबुवा. काय काम काहाडलं?" ते म्हणाले, आणि चष्मा काढला. त्या ओसरीत ते वाक्य त्यांनी शेकडो माणसांना विचारलेलं मी ऐकलं होतं. त्यात काम असल्याची आशा मात्र कधी ऐकली नव्हती. माझं घाटात पाठ केलेलं वाक्य घाटातच राहिलं.

"तेच आपलं," मी म्हणालो. "जुनंच. बदलीचं."

मी प्रश्नाची वाट पाहत बसलो. हवा, पाऊस, भट्टी, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे होती.

"करून देतो," भाटवे म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडे कुणीतरी उचलला. "मी बोलतो," असं म्हणून ते थांबले. पूर्वी एवढं पुरायचं. मग त्यांनी नाव सांगितलं. मग जरा घुटमळून, नावाच्या आधी 'माजी' लावून पुन्हा सांगितलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं पलीकडचं बोलणं मला इथवर ऐकू आलं. आणि मग फोन कटला, हेही मला दिसलं, कारण त्यांनी गालापासून जरा दूर धरलेला मोबाईल काळा पडला होता. भाटवे त्यात बोलत राहिले. "हो. हो हो. घरचाच मानूस हाय. नाई, एवढं पाहून घ्या. ठीक हाय मंग." ताई चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनंही पाहिलं. "होऊन जाईन," ते मला म्हणाले आणि फोन खिशात ठेवला. मी म्हटलं, "मोठं काम केलं, भाऊजी."

आईला मी फोन करून बदली झाल्याचं सांगितलं. ती लगेच म्हणाली, "केलं ना त्याईनं?" नाही म्हणायला एक क्षण मिळाला होता. मी "हो" म्हणालो. मला वाटलं, विषय संपला. पण तिनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले, टोमणे मारणाऱ्या बायकांना दोन दोन, आणि मग जाहीर केलं की जावयाला सांगायला ती स्वतः अमरावतीला येणार. मी म्हटलं, मी सांगतो. "तू काय सांगशीन," ती म्हणाली. तिनं मळ्यातली वांगी काढली, पिशवीच्या तोंडाशी ओल्या फडक्यात शेवंती ठेवली आणि माझा हात धरून एसटीत चढली. वाटेत तिला डुलकी लागली. मला लागली नाही. तिनं इतकी वर्षं भर गल्लीत लढवलेली केस एका प्रश्नात कोसळू शकत होती, आणि ती कोसळवणारा माणूस वऱ्हाडातला सगळ्यात तरबेज होता.

ती स्वयंपाकघरात पडद्याआड बसली. भाटवे बाहेर खुर्चीवर. मी नेहमीप्रमाणे मध्ये. आत ताईनं पोळ्या लाटणं थांबवलं.

"त्याईले म्हन," आई म्हणाली, "माहं पोरगं मले आनून देलं. म्या सगळ्याईले सांगतच होती, करतीन म्हून."

"आई म्हन्ते..." मी सुरुवात केली.

भाटव्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे पाहिलं. पाणी घेता का, असं विचारायच्या आधीचा तो मऊ चेहरा मी ओळखतो. बदली कोणत्या दिवशी आली, एवढं विचारलं असतं तरी मी पिंजऱ्यात रडलो असतो. मला वकिलाची भीती वाटत होती आणि मंत्र्याचीही. कारण दुसऱ्यांनी बांधलेल्या पुलांवर हौसेनं स्वतःच्या नावाची पाटी बसवलेला हा माणूस. त्यानं एकदा 'हो, केलं' म्हणून भाषण सुरू केलं असतं, तर ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती, ताईची तर नव्हतीच. पंखा फिरत होता. भाटव्यांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला.

"त्याईले म्हना," ते म्हणाले, "उशीर झाला."

मी त्यांना कशाचीही कबुली देताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मी पडद्याकडे वळलो आणि ते वाक्य तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता, आत नेलं. मग पिशवीतून वांगी काढल्याचा आवाज आला.

"झाला तं झाला," आई म्हणाली. "मोठ्या मानसाले शंभर कामं असतात. त्याईले विचार, वांगे भरून करू का भाजून."

मी बाहेर येऊन विचारलं. भाटव्यांनी चष्मा घातला. "त्याईलेच विचारा," ते म्हणाले, "त्याईले कोनतं करनं सोपं जाईन. डोयाले कमी दिसते ना आता."

उत्तर आधी माहीत असल्याशिवाय वकिलानं प्रश्न विचारायचा नसतो, असं मला त्यांनीच एकदा सांगितलं होतं. मी पडदा बाजूला करून आत गेलो. मागे वळून पाहिलं, तर भाटवे खुर्चीत जरा पुढे सरकून, पडद्याकडे कान देऊन बसले होते.